शाळा सुटते दोनला, आई येते साडेसातला

सप्रेम नमस्कार ताई,

मी डोंबिवली पूर्वेला राहते, नोकरी फोर्टला, बँकेत. सकाळी साडेसातला घर सोडते, परत यायला संध्याकाळचे साडेसात होतात. मिस्टर ऐरोलीला एका कंपनीत आहेत. आठवड्यातून दोन दिवस ते घरून काम करतात, पण त्यांच्या मीटिंग चालू असतात. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. शाळा 9 ते 2. सकाळी मिस्टर सोडतात. प्रश्न दोननंतरचा आहे.

ती सहा वर्षांची होईपर्यंत सासूबाई आमच्याकडे होत्या. मग दोन वर्षं पाळणाघर. या जूनमध्ये तिथल्या काकू म्हणाल्या, सातच्या पुढची मुलं ठेवणार नाही, ती लहानांना झोपू देत नाहीत. सासूबाईंना पुन्हा यायची विनंती केली, तर म्हणाल्या, ‘माझी दोन वाढवली, तुझीही सहा वर्षं सांभाळली, आता माझ्याच्याने होत नाही.’ मला ते फार लागलं.

शेवटी क्लास लावले. सोमवार-बुधवार-शुक्रवार अबॅकस आणि कथक, मंगळवार-गुरुवार इंग्लिश स्पीकिंग आणि स्विमिंग. रिक्षावाले काका शाळेतून क्लासला, एका क्लासमधून दुसऱ्याला आणि मग घरी सोडतात. डबा ती रिक्षात खाते. सगळं मिळून महिन्याला 8,700 रुपये जातात. मी येईपर्यंत शेजारच्या वहिनी बघतात. गेल्या आठवड्यात कथकच्या बाईंचा फोन आला, ही भिंतीला टेकून झोपून गेली होती. आणि आता रविवारी सकाळी डोळे उघडले की तिचा पहिला प्रश्न असतो, ‘आई, आज कुठे जायचंय?’

क्लास बंद करू का? किल्ली आणि मोबाइल देऊन घरी एकटी ठेवू का? की नोकरीच सोडू?

– एक आई, डोंबिवली

०

तुझ्याएवढी माझी मुलगी आहे, तेव्हा तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो डोक्यात घुमत असला की बाकीचं काही ऐकू येत नाही. नोकरी सोडू नकोस. या कारणासाठी नकोच, आणि अशा आठवड्यात तर मुळीच नको. लेक भिंतीला टेकून झोपली, असा फोन आलेल्या आठवड्यात कुठलीही आई राजीनामा लिहायला बसेल. मी बावीस वर्षं ठाण्यात नौपाड्यात घरातच पाळणाघर चालवलं. असे राजीनामे मी पाहिलेत. मूल चौथी-पाचवीत गेलं, स्वतःचं स्वतः बघायला लागलं, आणि आई घरात बसून पुन्हा अर्ज करतेय. बँकेतली सुटलेली नोकरी परत मिळत नाही, हे तुला मी सांगायला नको.

आता थोडा हिशेब करू. तू बँकेतली आहेस, तुला आकडे लवकर पटतील. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवणं ठरवून दिलंय. तुझ्या लेकीची शाळा 220 दिवस भरते आणि रोज पाच तास असते असं धर. झाले 1,100 तास. सण, रजा, दुसरा-चौथा शनिवार सगळं वजा करून तू 250 दिवस कामावर जात असशील, आणि रोज बारा तास घराबाहेर. म्हणजे 3,000 तास. सकाळचा दीड तास मिस्टर सांभाळतात, तो वजा केला तरी वर्षाला दीड हजार तास असे उरतात, की शाळा नाही, आईही नाही. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी यातच आली. हे दीड हजार तास तुझ्या हलगर्जीपणातून आलेले नाहीत. घरात कुणीतरी बाई असणारच असं धरून शाळेची वेळ ठरवली, आणि घरात कुणीतरी बाई असणारच असं धरून ऑफिसचीही वेळ ठरवली. ती कुणीतरी बाई तूच आहेस, आणि तू लोकलमध्ये आहेस.

कायद्यात तरी काही सापडतं का, तर बघ. 1948च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, तिथे मुलाचं वय सहाच्या आत लागायचं. 2017 साली मातृत्व लाभ कायदा सुधारला, पन्नास किंवा जास्त माणसं काम करतात तिथे पाळणाघर सक्तीचं झालं, आईला दिवसातून चार वेळा जाऊन मूल बघायची मुभा मिळाली. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तिथेही वय सहा महिने ते सहा वर्षं. सरकारची ‘पाळणा’ योजनाही सहा वर्षांपर्यंतच. सहा वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी मूल शाळेचं होतं, आणि दुपारी दोन वाजले की शाळेच्या लेखी ते घरचं होतं. मधल्या जागेत कुणीच उभं नाही. फेब्रुवारी 2024मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9च्या आधी भरवू नका असं सांगितलं. मुलांची झोप व्हावी म्हणून. निर्णय मुलांच्या भल्याचा होता, मी त्याच्या बाजूची आहे. पण साडेसातची लोकल पकडणाऱ्या किती घरांत त्या दिवशी घड्याळ घेऊन चर्चा झाल्या असतील!

आपल्याकडे हे कुणाला सुचलंच नाही असंही नाही. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी 1969 साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी मोबाइल क्रेशेसचं काम सुरू केलं, पुढे ते मुंबईतही आलं. साइटवरच्या त्या केंद्रांत तान्ह्या बाळांबरोबर शाळेत जाणारी मोठी मुलंही येतात, जेवतात, अभ्यास करतात. आई वर विटा वाहतेय तर तिचं आठ वर्षांचं मूलही दिवसभर कुठेतरी असणार, हे तिथे गृहीत धरलेलं आहे. आपल्या सोसायट्यांत ते अजून गृहीत धरलं जात नाही. माझी भाची जर्मनीत असते. तिथे 2021 साली कायदा झाला, त्यानुसार ऑगस्ट 2026पासून पहिलीच्या मुलांना दिवसभर सांभाळ मिळण्याचा हक्क, आणि दरवर्षी एकेक इयत्ता वाढवत 2029पर्यंत चौथीपर्यंतच्या सगळ्यांना. तेव्हा तुझा प्रश्न खराखुरा आहे, देशोदेशीच्या सरकारांना सोडवावा लागतोय. तुझ्यासाठी तो या वर्षात कुणी सोडवणार नाही, म्हणून आपण आपलं बघू.

क्लासबद्दल.

माझ्याकडे दुसरीतला एक मुलगा यायचा. त्याच्याकडे तीन पिशव्या असायच्या. शाळेचं दप्तर, कराटेची आणि चित्रकलेची. आला की तिन्ही भिंतीशी ओळीने लावायचा, अगदी कडेला कड जुळवून, आणि मग मला विचारायचा, ‘आज्जी, आज कुठली उचलायची?’ मी तेव्हा पन्नाशीचीही नव्हते, पण मुलं मला आज्जी म्हणत. त्याच्या आईला मी म्हटलं, त्याला एकदा उत्तर देऊन बघूया, ‘एकही नाही.’ तिला ते पटायला दोन महिने लागले. तिची अडचणही खरी होती. माझ्याकडे साडेपाचनंतर मुलं ठेवत नसत, आणि कराटे सातपर्यंत असायचं. शेवटी मी माझी वेळ वाढवली, तिने पैसे वाढवले. पहिल्या दिवशी तो पिशवी न उचलता बसला आणि तासभर काहीच करेना. मला काळजी वाटली. नंतर उठला, माझ्या स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, ‘मला पोळ्या मोजायच्यात.’

तुझ्या लेकीचा रविवारचा प्रश्न मला त्याच्या पिशव्यांसारखा वाटतो. ती दमली आहेच, झोप तर दिसतेच आहे. त्याहून मला काळजी याची आहे, की तिच्या दिवसाला टेकायला जागा नाही. दोन वाजून गेले की तिच्याशी बोलणारं माणूस दर तासाला बदलतं. अबॅकसच्या बाईंना तिचे आकडे ठाऊक, कथकच्या बाईंना पाय, रिक्षावाल्या काकांना तिची थांबायची जागा. आज डबा का उरला, डोळे का लाल आहेत, हे दुपारी विचारणारं कुणीच नाही. साडेसातला तू विचारतेस, तेव्हा तिला ते आठवतही नसतं.

इतक्या वर्षांत मी एक गोष्ट नीट शिकले. शाळेतून आलेलं मूल पहिली वीस-पंचवीस मिनिटं बोलत नाही. बुटाची नाडी सोडायलाच दहा मिनिटं लावतं. त्याला तेवढी लावू द्यायची. सुरुवातीला मीही चूक केली. पालकांचा आग्रह असायचा, आल्या आल्या गृहपाठ उरकून घ्या, म्हणजे आम्हाला रात्री कटकट नको. मी मुलांना हात धुवून लगेच वह्या काढायला लावायचे. रोज कुणी ना कुणी रडायचं, पेन्सिली मोडायच्या, पोटात दुखायचं. वर्षभर मला वाटत राहिलं, मुलंच हट्टी आहेत. मग एका जानेवारीत बाजारातून पाच किलो मटार आणले होते, सोलायला हात कमी पडत होते, म्हणून वर्तमानपत्र अंथरून मुलांना भोवती बसवलं. सोलता सोलता एकाने सांगितलं, आज बाईंनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं. दुसरीने सांगितलं, रिक्षातला एक मोठा मुलगा तिची वेणी ओढतो. कुणीही विचारलं नव्हतं. समोरासमोर बसवून ‘काय झालं शाळेत?’ विचारलं की ‘काही नाही’ म्हणणारी ही मुलं, हात गुंतले की आपणहून बोलत होती. गृहपाठ मी साडेचारवर ढकलला. तो निम्म्या वेळात होऊ लागला.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. शाळा सुटल्यावर लेकीला एक जागा हवी, एक माणूस हवं आणि काहीच करायचं नाही असे दोनेक तास हवेत. ज्या मोठ्या माणसाला तिचा चेहरा रोज वाचता येतो, असं एक माणूस. बाकी अबॅकस, कथक, पोहणं यांचं मोल मी कमी मानत नाही, पण ते या तिघांनंतर. तिला विचार, एकच ठेवायचा तर कुठला? ती जो सांगेल तो ठेव, आठवड्यातून दोनदा. ती कथक सोडून पोहणं म्हणाली तर कथकच्या फीचं दुःख करू नकोस. एकही नको म्हणाली तर तेही मान्य कर, सहा महिन्यांनी ती स्वतः मागेल.

पुण्याला सारसबागेजवळ गरवारे बालभवन आहे. तिथे मुलांना संध्याकाळी खेळायला बोलावतात. खेळायला, एवढंच. असं ठिकाण डोंबिवलीत तुझ्या घराजवळ असतं तर मी तुला डोळे मिटून तिथे पाठवलं असतं. नाही, म्हणून ते लहान प्रमाणात घरातच उभं करायचं.

कसं, ते सांगते. तिसरीच्या वर्गात तू एकटीच नोकरी करणारी नाहीस. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर विचारू नकोस, तिथे शंभर सल्ले येतील आणि एकही घर मिळणार नाही. शनिवारी शाळेच्या फाटकाशी उभी राहा. मुलीला विचार, दुपारी कुणाला घ्यायला आई येत नाही? मुलांना हे बरोबर ठाऊक असतं. तुझ्यासारखी दोन घरं शोध, शाळेच्या किंवा तुझ्या घराच्या चालत अंतरावरची. तीन मुलं झाली की एक ताई परवडते. तू आज 8,700 देतेस. तिघींनी सहा-सहा हजार काढले तर 18,000 होतात. त्यात दुपारी दोन ते साडेसात, आठवड्याचे पाच दिवस एका बाईचा चांगला पगार आणि जेवणाखाण्याचा खर्च निघावा. जागा तिघींपैकी एकीच्या घरची, किंवा त्या ताईची स्वतःची. घर जिचं, तिचे पैसे थोडे कमी, हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर तिसऱ्या महिन्यात धुसफूस सुरू होते.

ताई कोण? माझा अनुभव असा, की जिची स्वतःची मुलं दहावी-बारावीला पोचलीत आणि जिला दुपारी घर खायला उठतं, अशी बाई फार चांगली ठरते. निवृत्त बालवाडीताई, प्राथमिकच्या बाई मिळाल्या तर उत्तमच. शिकलेली किती हे मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. ती मुलांशी बोलताना खाली वाकते का, मुलाचं वाक्य पुरं होऊ देते का, हे बघ. आणि पैशात घासाघीस करू नकोस. ही गोष्ट मला जरा मोठ्याने सांगायची आहे. कथकच्या क्लासची फी आपण न विचारता भरतो, आणि मूल सांभाळणाऱ्या बाईशी दोनशे रुपयांसाठी वाद घालतो, कारण मनात कुठेतरी असतं की हे काम कुठल्याही बाईला येतंच. येत नाही. मूल तापलं तर आईला कधी कळवायचं आणि कधी आधी स्वतः पुसून काढायचं, भांडणात कधी पडायचं आणि कधी भाजी चिरत राहायचं, याला वर्षं जातात. तुझ्या पाळणाघराच्या काकूंनी मोठी मुलं बंद केली, त्यामागे माझ्या अंदाजाने हेच असेल. बाळांचे आणि आठ वर्षांच्या मुलीचे पैसे सारखे आणि कष्ट दोन तऱ्हेचे. त्यांच्याकडे एकदा पुन्हा जा. दुपारी तीननंतर बाळं उठतात, तेव्हापासून तिघी मोठ्या मुली चालतील का, असं विचार, आणि जास्त पैसे देऊ हे आधी सांग.

ठरलं की कागदावर लिहा. वेळ, पगार, महिन्याच्या किती सुट्ट्या पगारी, दिवाळीला काय, लोकल बंद पडली आणि आईला नऊ वाजले तर काय. मुंबईच्या पावसात हा शेवटचा मुद्दा वर्षातून दोनदा तरी येतो.

सुरक्षिततेचं मी घाईत बोलणार नाही. खारघरच्या एका पाळणाघरातलं तान्ह्या बाळाला झालेल्या मारहाणीचं चित्रण 2016 साली सगळ्यांनी पाहिलं. ऑगस्ट 2024मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर जे झालं, ते तुझ्या पाच-सहा स्टेशनं पलीकडे झालं. त्यानंतर सगळे कॅमेऱ्याविषयी बोलू लागले. कॅमेरा असू दे. पण माझा भरवसा दुसऱ्या गोष्टींवर जास्त आहे. त्या घरात दुपारी आणखी कोण असतं? मुलगा, दीर, भाडेकरू, कुणीही, आधी विचारायचं आणि संकोच करायचा नाही. चांगल्या बाईला या प्रश्नाचा राग येत नाही. मुलं झोपतात ती खोली आणि संडासाची कडी स्वतः बघ. पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा न सांगता जा, एकदा भर तीन वाजता. दार उघडल्यावर मुलांकडे बघ. ती आपल्या खेळात असतील, किंवा कोण आलं म्हणून पळत येतील. दाराचा आवाज आला की जागच्या जागी गप्प होणारी मुलं दिसली, तर परत येताना लेकीला बरोबरच घेऊन ये.

रिक्षावाले काका चांगले आहेत असं तुझ्या पत्राच्या सुरावरून वाटतं. तरी लेकीला रिक्षात पुढे, काकांच्या सीटवर बसवत नाहीत ना, शेवटची उतरणारी तीच असते का, हे विचार. अंगाला कुणी हात लावला आणि ते नको वाटलं, तर सांगायचं, काका असोत, दादा असो, बाई असोत, हे तिला माहीत हवं. एकदा गंभीरपणे समोर बसवून सांगण्यापेक्षा आंघोळीच्या वेळी, वेणी घालताना, दहादा सांग. काही घडल्याचं कळलं तर 2012चा पॉक्सो कायदा आहे. माहिती असून न कळवणं त्या कायद्याने गुन्हा आहे. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक तिला पाठ करून ठेव, तुझ्या नंबरच्या जोडीला.

एकटं ठेवायचं का, तर आठव्या वर्षी साडेपाच तास नाही. किल्ली दिली की मूल मोठं होतं असा समज आहे. पण या वयाचं मूल तीन वाजता शूर असतं आणि सहा वाजता दिवे लागले की घाबरतं, आणि घाबरल्याचं फोनवर सांगत नाही, कारण आई कामात आहे. मग टीव्ही मोठ्याने लावून बसतं. दहाव्या-अकराव्या वर्षी सुरुवात कर. आधी तू खाली भाजी आणायला गेलीस की वीस मिनिटं, मग तास. गॅसचा रेग्युलेटर बंद, दाराला साखळी, पार्सलवाल्याला ‘बाहेर ठेवा’ म्हणायची सवय, शेजारी दोन घरांत किल्ली. ही वर्षभराची तालीम आहे.

आता तुझे मिस्टर. हे सदर ते वाचणार नाहीत कदाचित, तूच वाचून दाखव. घरून कामाचे दोन दिवस म्हणजे आठवड्याच्या पाच दुपारींपैकी दोन. मीटिंग असतात, मान्य. पण दोन ते अडीच हा अर्धा तास त्यांच्या कॅलेंडरवर ‘जेवण’ म्हणून बंद करता येतो. मुलीला शाळेतून आणायचं, वरणभात गरम करून दोघांनी एकत्र जेवायचं. नंतर ती बाबाच्या खोलीत चटईवर पडून चित्र काढेल, मीटिंगमध्ये एखाद्या वेळी तिचा आवाज जाईल. जाऊ दे. फोर्टला काउंटरवर बसलेल्या आईला हे जमणार नाही, ऐरोलीच्या कंपनीतल्या बाबाला जमतं. तुझ्या पत्रात ‘पण त्यांच्या मीटिंग चालू असतात’ एवढं लिहून तू पुढे गेलीस. मला तिथेच थांबावंसं वाटलं. ते दोन दिवस त्यांचे झाले की ताईला तीनच दिवस लागतील, किंवा त्या दोन दिवशी बाकीच्या दोन मुली तुमच्याकडे येतील आणि तेवढा तुमचा हिस्सा कमी होईल.

आणि सासूबाई. तुला लागलं, ते मला समजतं. पण त्यांचं वाक्य मी पुन्हा वाचलं. सहा वर्षं सांभाळली, असं त्या म्हणाल्या. सहा वर्षं! तुझी नोकरी ज्या वर्षांत टिकली, ती त्यांच्या गुडघ्यांवर टिकली. त्यांनी नाही म्हटलं ते स्पष्ट आणि वेळेवर म्हटलं. कुढत राहून सांभाळणाऱ्या आज्या मी पाहिल्यात, त्यात मुलाचे हाल होतात. त्यांना रोजची जबाबदारी मागू नकोस. मे महिन्यातले तीन आठवडे माग, आत्ताच माग, रिझर्व्हेशन काढून दे. किंवा लेकीलाच त्यांच्याकडे पाठव. आणि एकदा फोन करून नुसतं एवढं म्हण, की तुम्ही सहा वर्षं केलंत म्हणून मी आज इथे आहे. तुझ्या मनातली अढीही त्याने सैल होईल.

तुझ्या बाजूने एक काम राहिलं, बदलीचा अर्ज. ठाणे, कल्याण, डोंबिवली, तुझ्या बँकेच्या शाखा असतीलच. रोजचे दोन-अडीच तास प्रवासाचे वाचले तर वरच्या सगळ्या हिशेबातून वर्षाचे पाच-सहाशे तास कमी होतात, दुसऱ्या कशानेही एवढे होणार नाहीत. कारण लेखी दे, मुलीचं वय लिही. पहिल्या वर्षी नाही झाली तर दुसऱ्या वर्षी पुन्हा दे. बढती लांबेल अशी भीती असेल, तर ती भीती आणि हे सहाशे तास एका कागदावर शेजारी शेजारी लिहून बघ, मग ठरव. मी तुझ्या जागी असते तर अर्ज दिला असता, पण बँक तुझी आणि वर्षंही तुझी.

हे सगळं एका आठवड्यात होणार नाही, म्हणून तोवरचं सांगते. उद्यापासून अबॅकस आणि इंग्लिश बंद कर. त्या वेळात शेजारच्या वहिनींकडे ती दोन तास राहील का ते विचार, पैसे देऊन, उपकार म्हणून नव्हे. डबा रिक्षात नको, त्यांच्या ओट्याशी बसून खाऊ दे. झोप आली तर झोपू दे. अभ्यासाचं कुणी विचारायचं नाही. आणि क्लास कमी केलेस की रिक्षाच्या फेऱ्या कमी होतील, तर काकांना महिना संपायच्या आधी सांग. त्यांनीही तुझे पैसे धरून कुठलातरी हप्ता बांधलेला असेल.